टू बीएचके आणि एक सुपारी

नाशिकमध्ये एकटी बाई फ्लॅट बघायला गेली की एजंट आधी तिच्या मागे बघतो. मागे कोणी नसलं की जिन्यात बघतो. जिन्यातही कोणी नसलं की साहेब खाली गाडी लावत असणार अशी त्याची खात्री पटते आणि तो लिफ्टचं दार धरून उभा राहतो. पाथर्डी फाट्याच्या एका एजंटानं माझ्या या गाडी लावत असलेल्या साहेबांसाठी लिफ्ट इतका वेळ अडवून धरली, की चौथ्या मजल्यावरच्या आजी गुडघे धरत जिना उतरून आल्या आणि त्यांनी आम्हां तिघांनाही झापलं. त्यातला तिसरा त्या वेळी इंदिरानगरला आपल्या घरी पेपर वाचत बसला असणार.

“साहेब येणार नाहीत,” मी म्हटलं.

“मग रविवारी ठेवू या. दोघं या.”

“आमचा घटस्फोट झालाय.”

“अरेरे,” तो म्हणाला. क्षणभर खाली बघितलं, लिफ्ट सोडली आणि विचारलं, “मग वन बीएचके दाखवू का?”

घटस्फोट झाला की माणसाला एक खोली कमी लागते, हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. मी टू बीएचकेवर अडून बसल्यावर “दुसऱ्या बेडरूमचं काय करणार?” हा प्रश्न मला एजंटानं विचारला, बँकेनं विचारला, मावशीनं विचारला आणि शेवटी मापं घ्यायला आलेल्या सुतारानंही विचारला. संसारी घरातल्या दुसऱ्या बेडरूमबद्दल असं कोणी विचारत नाही. तिथे काय असतं ते जगजाहीर आहे: धूळ खाणारी व्यायामाची सायकल, इस्त्रीला द्यायचे कपडे आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या, पाहुण्यांच्या नजरेला कधीच न पडलेल्या गाद्या. हे सगळं माझ्याकडेही आहे, असं मी सांगून पाहिलं. पण सायकल नवऱ्याची असेल तरच तिला वेगळी खोली लागते, असं दिसतं.

परस्पर संमतीनं घटस्फोट घ्यायचा तर कायदा दोघांना फेरविचारासाठी सहा महिने देतो. योग्य प्रकरणात ही मुदत माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं, तरी आम्ही पूर्ण मुदत विचार केला. फ्लॅटच्या बाबतीत एजंटानं मला संध्याकाळी सहापर्यंत वेळ दिला.

“मॅडम, टोकन देऊन टाका. कुंभमेळा तोंडावर आलाय. हा भाव परत दिसायचा नाही.”

२०१५ च्या कुंभमेळ्याच्या तोंडावर आम्ही दोघांनी इंदिरानगरचा फ्लॅट घेतला, तेव्हाही एका एजंटानं हेच सांगितलं होतं. आमच्या गावात बारा वर्षांनी साधू येतात आणि जागांचे भाव वर चढतात. त्यातले साधू परत जातात.

नाशिकमध्ये घराचं काम बिनबोभाट पार पडलं ते एकदाच, पंचवटीत. पर्णकुटी लक्ष्मणानं बांधली, म्हणजे बिल्डर घरचाच. पार्किंगचा वाद नाही, मेंटेनन्स नाही, सोसायटीची एनओसी नाही. तरी तिथेही ‘कोण राहतं, कोणाचं कोण’ विचारायला एक बाई आलीच. पुढे तिच्या नाकाचं जे झालं त्यावरून गावाला नाशिक म्हणतात, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्याबद्दल इतकी कडक शिक्षा देऊन वसलेलं गाव जगात दुसरं नसेल. उपयोग मात्र काही झाला नाही.

कर्जाच्या अर्जावर सहअर्जदाराचा रकाना होता. मी तो मोकळा सोडला होता. अधिकाऱ्यानं त्यावर पेनानं टकटक केलं.

“को-ॲप्लिकंट कोण?”

“कोणी नाही.”

“अहो मॅडम, उद्या काही आपत्ती आली तर?”

“मागची आपत्ती को-ॲप्लिकंटच होती.”

तो हसला नाही. कर्ज देणाऱ्या माणसानं हसायचं नसतं, व्याज कमी होतं. त्यानं माझी कागदपत्रं टेबलावर पसरली. दहावीच्या सर्टिफिकेटवर मी माहेरच्या नावानं, आधारवर सासरच्या नावानं, आणि पॅनवर नवऱ्याचं नाव पण आडनाव वडिलांचं, असं दोन्ही घराण्यांना नामंजूर असलेलं काहीतरी.

“या तिघी कोण?”

“तिघीही मीच.”

“मग तसं ॲफिडेव्हिट लागेल.”

तेव्हा या तीन बाया एकच आहेत, असं मी नोटरीसमोर शपथेवर लिहून दिलं. लग्नाच्या शेवटच्या वर्षांत ही शपथ घ्यायची वेळ आली असती, तर मी जरा विचार करून सही केली असती.

कागदांच्या बाबतीत खरं म्हणजे नाशिकइतकं सोयीचं गाव नाही. नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ सालची. तिथे मुद्रांक छापतात, पासपोर्ट छापतात. तिच्याच शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा छापतात. म्हणजे घर घ्यायला लागणारा पैसा, करारनाम्याला लागणारा मुद्रांक आणि हे सगळं सोडून पळून जायचं ठरलं तर लागणारा पासपोर्ट, तिन्हींची सोय एकाच स्टेशनावर उतरून. एवढं सगळं छापणाऱ्या गावात ‘पतीचे नाव’ या रकान्यापुढे ‘असल्यास’ एवढा एक शब्द कोणाला छापता आला नाही.

नव्या कर्जाआधी जुन्यातून सुटायचं होतं. इंदिरानगरचा फ्लॅट दोघांच्या नावावर आणि त्याचं कर्जही दोघांच्या नावावर. फ्लॅट त्याला, मुदतठेवी मला, असं आमचं भांडण न होता ठरलं. आमच्या संसारात भांडण न होता ठरलेली ती बहुधा एकमेव गोष्ट. कोर्टाचा निकाल घेऊन आम्ही दोघं बँकेत गेलो. मॅनेजरनं तो नीट वाचला, परत केला आणि म्हणाला, “घटस्फोट तुमचा एकमेकांशी झालाय. बँकेशी नाही.”

म्हणजे कोर्टाच्या लेखी आम्ही मोकळे आणि बँकेच्या लेखी सुखानं नांदत होतो. हप्ता चुकला असता तर वसुलीची वरात दोघांच्याही दारात आली असती. त्याचा एकट्याचा पगार तपासून कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर होईपर्यंत मी त्याच्या तब्येतीची जेवढी काळजी केली तेवढी लग्नात केली नव्हती. “सर्दी झालीये म्हणे. काढा घे,” असा फोन मी केला तेव्हा तो काही क्षण गप्पच झाला. मग म्हणाला, “हप्ता गेलाय. काळजी करू नकोस.”

फ्लॅटमधलं माझं नाव काढायचं तर त्याचा आणखी एक कागद. राहतं घर नवरा-बायकोनं बक्षीसपत्रानं एकमेकांना द्यायचं असेल तर राज्य सरकारनं २०१५ साली त्याचं मुद्रांक शुल्क २०० रुपयांवर आणलं, ही माहिती वकिलांनी आम्हाला निकालानंतर दिली. निकालानंतर आम्ही नवरा-बायको राहिलो नव्हतो. कायद्याच्या लेखी आता आम्ही सीबीएसवर एकाच बसची वाट बघणारे दोन प्रवासी होतो, आणि प्रवाशांना ही सवलत नाही.

“कागद प्रेमात असताना करावा,” वकील म्हणाले. “स्वस्त पडतो.”

“प्रेमात असताना आम्ही पडदे घेतले,” तो म्हणाला. पडदे त्याच्याकडेच राहिलेत. वाईट होते.

एका घटस्फोटातून दोन घरमालक तयार होतात. दोघांचं घर टू बीएचके, दोघांच्या डोक्यावर कर्ज. पण त्याच्याबद्दल लोक ‘बिचाऱ्याला घर खायला उठत असेल’ म्हणतात आणि डबा पाठवतात. माझ्याबद्दल ‘हिला एवढं घर कशाला’ म्हणतात आणि चौकशी पाठवतात. परवा त्याचा एका कागदासाठी फोन आला होता.

“आज चार घरांतून साबुदाण्याची खिचडी आलीये. मला उपवासही नाही.”

“मग इकडे पाठव.”

“तुला कोण पाठवणार? तू बाई आहेस. तुला स्वयंपाक येतो, असं लोकांना वाटतं.”

“वाटू दे.”

“मी काही बोललो नाहीये कोणाला,” तो म्हणाला. एवढा सभ्यपणा त्यानं लग्नात दाखवला असता तर दोन फ्लॅट लागले नसते.

नव्या घरी पहिल्याच सकाळी तळमजल्यावरच्या काकू दुधाची पिशवी द्यायला वर आल्या. लिफ्ट असून जिन्यानं आल्या, म्हणजे वाटेत प्रत्येक मजल्यावर थांबून आल्या.

“पोटगीत मिळाला का गं फ्लॅट?”

“नाही काकू. कर्ज काढून घेतलाय. वीस वर्षांचे हप्ते आहेत.”

“असं होय,” म्हणत त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि हळूच विचारलं, “किती दिली पोटगी?”

हप्ता ही एकच गोष्ट बिल्डिंगमध्ये कोणाला पटेना. हप्त्यावर फ्रिज घेता येतो, गाडी घेता येते, घटस्फोटित बाईला घर मात्र कोणीतरी द्यावंच लागतं. त्यामुळे मी ज्याला जे आवडेल ते सांगायला लागले. पहिल्या मजल्याला वडिलांनी दिल्याचं सांगितलं, तिथे सगळ्यांचे डोळे पाणावले. दुसऱ्या मजल्याला ऑफिसकडून मिळाल्याचं सांगितलं, तर त्यांच्या मुलाचा बायोडेटा माझ्या दारातून आत सरकला. चौथ्या मजल्यावरच्या आजींना मी द्राक्षबाग विकल्याचं सांगितलं. नाशिकमध्ये द्राक्षबाग म्हटलं की पैशाबद्दल पुढचा प्रश्न येत नाही. आला तो भलताच आला.

“विकलीस ते बरं केलंस. गारपिटीनं किती गेली होती गं?”

मला द्राक्षं फक्त अर्ध्या किलोच्या मापानं ठाऊक. “बरीच गेली,” मी म्हटलं. आजींनी माझा हात हातात घेतला. घटस्फोटाचं ऐकून त्या नुसतं ‘हल्ली असंच चालतं’ म्हणाल्या होत्या. गारपिटीचं ऐकल्यावर मात्र त्यांनी मला बेसनाचे लाडू दिले.

माझ्या घरानं मनापासून आनंद झाला तो माझ्या धाकट्या भावाला. आमचा वाडा जुन्या नाशकात आहे. दर पावसाळ्याच्या तोंडावर ‘धोकादायक इमारत’ अशी महापालिकेची नोटीस त्याला लागते. त्या नोटिशींच्या आधारानंच आता भिंती उभ्या असाव्यात. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच वाटा महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली दिला. आमच्या गल्लीत तो अजून यायचाय, रस्ता अरुंद आहे. भाऊबीजेला भावानं ओवाळणीच्या ताटात साडी ठेवली आणि साडीखाली हक्कसोडपत्र.

“ताई, आता तुझं स्वतःचं घर झालंच आहे, तर ही एक सही…”

“माझं लग्न झालं तेव्हा काय म्हणाला होतास?”

“हेच. की आता तुझं घर झालं.”

“आणि घटस्फोट झाल्यावर?”

“की घरातली माणसं महत्त्वाची, वाटणी नाही.”

मी साडी ठेवून घेतली आणि कागद परत केला. साडी गडद जांभळी आहे. सहीला शोभली असती, मला शोभत नाही.

सोसायटीत फ्लॅट माझ्या नावावर करून घ्यायला मी सेक्रेटरींकडे गेले. ते बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे कागद दिसला की त्यांना पुढचा कागद आठवतो.

“मिस्टरांचं संमतिपत्र?”

“मिस्टर नाहीत.”

“मग मिस्टर नसल्याचं पत्र?”

“कोर्टाचा निकाल आहे.”

“हा तुमचा झाला. मिस्टरांची सहीची प्रत?” मग त्यांनी चष्मा काढला आणि प्रत्येक सभासदाला सांगतात तेच वाक्य सांगितलं, “कागद ठेवून जा. बघतो.” त्यांच्याकडे ठेवून गेलेल्या कागदांना स्वतःची एक बेडरूम आहे.

वास्तुशांतीला गुरुजींनी यजमान कोण म्हणून विचारलं.

“मीच.”

“ते झालं हो. जोडीला कोण?”

बायको जवळ नसलेला पुरुष पूजेला बसतो तेव्हा कमरेला सुपारी खोचून तिलाच बायको मानतात, हे मी आमच्या घरी पाहिलं होतं. म्हटलं, “मग मलाही सुपारी द्या.” गुरुजी विचारात पडले. त्यांनी पोथीत बघितलं, मोबाइलवर बघितलं, शेवटी त्र्यंबकेश्वरच्या आपल्या साडूंना फोन लावला. बाल्कनीत बराच वेळ शास्त्रार्थ चालला. मध्येच “नाही, नाही, माणूस आहे, इंदिरानगरला असतो,” असं ऐकू आलं. मग गुरुजी आत आले आणि माझ्याशेजारच्या पाटावर त्यांनी एक सुपारी बसवली.

संसाराच्या दृष्टीनं सुपारी उत्तम निघाली. पाटावरून हलली नाही, फोन बघितला नाही, ‘अजून किती वेळ’ असं विचारलं नाही, आणि माझ्या माहेरच्यांकडे बघून तोंड वाकडं केलं नाही. पूजा झाल्यावर मी तिला देव्हाऱ्यात ठेवली. एके दिवशी जेवायला आलेल्या मैत्रिणीनं ती अडकित्त्यानं कातरून खाल्ली. माझा दुसरा संसार तिथे आटोपला. त्याला कोर्टाची तारीख लागली नाही आणि घर माझ्याकडेच राहिलं.

त्यानंतर बिल्डिंगचा सूर हळूहळू बदलला. आधी काकूच आल्या, या वेळी लिफ्टनं.

“सहज विचारते हं. बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर सरकार सूट देतं म्हणे?”

“एक टक्का. मुद्रांक शुल्कात, १ एप्रिल २०२१ पासून. ५० लाखांच्या घराला ५० हजार वाचतात. आधी अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. २०२३ साली ती काढून टाकली.”

काकू नाराज झाल्या. “काढली कशाला? बरी होती की.”

मग तिसऱ्या मजल्यावरची वाटी परत करायला आली आणि वाटी तशीच हातात धरून दोनशे रुपयांच्या बक्षीसपत्राबद्दल विचारत बसली. “मला घटस्फोट नकोय हं,” तिनं दोनदा बजावलं. “नुसता फ्लॅट हवाय.” दुसऱ्या दिवशी ती जावेला घेऊन आली. माझ्याबद्दल हळहळणाऱ्या बायका माझ्याच घरी वही-पेन घेऊन बसायला लागल्या, आणि हॉलमध्ये नवऱ्यांना ऐकू जातं म्हणून आतल्या खोलीत, सायकल बाजूला सरकवून. सुतारानं आता विचारावं, दुसऱ्या बेडरूमचं काय करता म्हणून.

नवरे मंडळींत एकटे काका निश्चिंत होते. ते मूळचे निफाडकडचे, पुरोगामी. “आम्हाला काय सांगता? १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, तेव्हा ट्रॅक्टर भरभरून बाया मी नेल्यात. लाखांनी बाया होत्या! पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली. शेतकऱ्यानं आपणहून बायकोच्या नावावर जमीन करायची.”

“मग काकूंच्या नावावर किती केलीत?”

“तेव्हा ट्रॅक्टरचं कर्ज होतं ना.”

“कर्ज फिटून तीस वर्षं झाली,” स्वयंपाकघरातून आवाज आला. काकांनी लगेच टीव्हीचा आवाज वाढवला.

बोलून न दाखवता करून दाखवलं ते सेक्रेटरींच्या मिसेसनी. सगळे फ्लॅट महाग होत चाललेत आणि हा एक २०० रुपये शुल्कात हस्तांतरित होतो, एवढंच त्यांनी सेक्रेटरींच्या कानावर घातलं. स्वस्त म्हटलं की सेक्रेटरी आधी सही करतात आणि मग वाचतात. बक्षीसपत्राची रीतसर नोंदणी झाली. पुढच्याच आठवड्यात त्यांच्याकडे नेहमीचं भांडण झालं आणि सेक्रेटरींनी नेहमीचं वाक्य टाकलं, “माझ्या घरात हे चालणार नाही.”

“मी इंडेक्स टू काढून पुढे ठेवला,” मिसेस मला सांगत होत्या. “म्हटलं, कोणाच्या घरात ते वाचून सांगा. नाहीतर निघा. आठ वाजता जेवायला मात्र या, भरली वांगी केली आहेत.”

सेक्रेटरी आठला पाच कमी असताना आले. दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली: ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, घरगुती वादात मालकी हक्काचा विषय काढू नये. – सेक्रेटरी.’ दुपारपर्यंत तिच्याखाली कोणीतरी बॉलपेननं लिहिलं होतं, ‘ज्यांच्या नावावर फ्लॅट नाही ते सभासद नाहीत. सभासद नाहीत ते सेक्रेटरी कसे?’ अक्षर काकूंचं होतं. निदान काका तरी घाबरून तसं म्हणत होते.

परवा सेक्रेटरी स्वतः माझ्याकडे आले. सोफ्याच्या कडेवर बसले. सहयोगी सभासद झालं तर पद वाचेल का, असं त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, त्यासाठी मूळ सभासदाची सही लागेल, तुम्ही मिसेसशी बोला.

“बोललो,” ते म्हणाले. “अर्जही दिला.”

“मग?”

“म्हणाल्या, कागद ठेवून जा. बघते.”